बत्तिसावा तुकडा

मला बत्तीस या आकड्याचा राग आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फार नाही. धारवाडच्या एका कॉलेजात मी जन्मभर गणित शिकवलं. पोटापाण्याचा धंदाच आकड्यांचा, आणि त्यातल्याच एकाशी वैर, म्हणजे हलवायानं साखरेशी बोलणं टाकावं तसं झालं. पण आहे ते आहे. माझे दात पडायला लागले तेव्हा बायको हळहळली आणि मला आतून बरं वाटलं. निदान तोंडात तरी बत्तीस उरले नाहीत. हा राग आकड्यावरचा नाही, हे मला कळतं. आकडा बिचारा काय करणार? राग त्या रविवारचा आहे. त्यातला मोठा वाटा माझ्यावरचा, थोडा अप्पांवरचा, आणि उरलेला कुणावरचा ते शेवटी येईलच.

आम्ही तेव्हा हुबळीत कमरीपेठेच्या एका बोळात भाड्यानं राहत होतो. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये एक अंधारा पट्टा. त्याला अप्पा अभ्यासिका म्हणत आणि आई कांद्याची जागा म्हणे. सकाळी रेल्वे वर्कशॉपचा भोंगा वाजला की बोळ जागा व्हायचा. हातगाड्या दुर्गदबैलाच्या बाजाराकडं निघायच्या, त्यांची लोखंडी चाकं फरशीवर अशी खडखडायची की भांडीसुद्धा फळीवर सरकत. मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि त्याला ताल धरल्यासारखी समोरची दोन शिवणाची मशिनं. ती परसूअण्णांची. परसूअण्णा आमच्यासारखेच मराठी बोलणारे. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. एका मशिनवर ते स्वतः, दुसऱ्यावर त्यांची बायको, आणि खाली सतरंजीवर काजं-बटणं करत, पुस्तक मांडीखाली दडवून, त्यांची थोरली शांता.

शांता माझ्याच वर्गात होती, दहावीला. शाळा कन्नड. गणित शिकवायला अप्पा, म्हणजे माझे वडील. अप्पा वर्गात कन्नड बोलत, पण रागावले किंवा रंगात आले की मराठीत येत. निम्म्या पोरांच्या घरी तीच भाषा होती, त्यामुळं शिव्या कुणाच्या वाया जात नसत. वर्गात पहिला नंबर माझा. मास्तरांचा मुलगा पहिला येतो याचं आश्चर्य कुणाला वाटत नसे, मला तर नाहीच. दुसरी शांता. ती पहिली का नाही, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. पडायला अक्कल लागते.

आमच्या बोळाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दहावीची परीक्षा जवळ आली की आईबाप रविवारी सकाळी नारळ-केळी घेऊन अप्पांकडं येत आणि विचारत, ‘सर, आमचं हे पोर पुढं शिकेल काय?’ अप्पा सांगतील ते शेवटचं. ‘होय’ म्हणाले तर पोर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, ‘नको’ म्हणाले तर गिरणीत, गॅरेजात, दुकानात. बोर्डाचा निकाल नंतर लागायचा. त्याच्या आधीच हा आमच्या ओट्यावर लागून गेलेला असायचा. आई याला ‘तोंडचा निकाल’ म्हणायची. परसूअण्णांनी सांगून ठेवलं होतं, या रविवारी येतो. शांताला सायन्सला जायचं होतं. घरात चुलत्यांचं म्हणणं पडलं होतं की पोरीला मशिनवर बसवा, कारण तिच्या आईचे डोळे अधू होत चाललेत. परसूअण्णा म्हणाले होते, ‘सर म्हणू देत. सर हो म्हणाले तर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.’

आणि आदल्या दिवशी, शनिवारी सकाळच्या शाळेत, अप्पांनी फळ्यावर त्यांचं लाडकं गणित घातलं.

गणित साधं. एक वर्तुळ काढा. त्याच्या कडेवर ठिपके द्या. प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याला सरळ रेघेनं जोडा. वर्तुळाचे किती तुकडे झाले? एक ठिपका, रेघच नाही, तुकडा एक. दोन ठिपके, तुकडे दोन. तीन ठिपक्यांना चार. चारांना आठ. पाचांना सोळा. अप्पा एकेक आकृती काढून मोजून दाखवत होते आणि दर वेळी दुप्पट झाली की खडू फळ्यावर असा आपटत, जणू हा नियम त्यांनीच घरी पाळलाय. ‘आता सहा ठिपके. किती?’

मी हात वर न करताच ओरडलो, ‘बत्तीस!’

‘शाब्बास. आकृती काढावी लागली काय? नाही. का? पाच वेळा जे घडलं ते सहाव्यांदा घडणारच. याला म्हणतात गणिती नजर.’

तेवढ्यात मागून शांता म्हणाली, ‘सर, एकतीस येतात.’

तिनं आकृती काढली होती. वहीच्या दोन पानांवर पसरून, मोठ्ठी. आणि प्रत्येक तुकड्यात बारीक आकडा घातला होता. त्यांच्या दुकानात बेतलेल्या कापडाच्या प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घालायची पद्धत होती. पाठ, बाही, कॉलर, एकही हरवू नये म्हणून. तिनं वर्तुळ ब्लाऊजसारखं बेतलं होतं.

‘परत मोज,’ अप्पा म्हणाले.

‘तीनदा मोजलं, सर. एकतीस.’

‘म्हणजे पाच ठिकाणी नियम चालला आणि तुझ्या वहीत येऊन मोडला?’

‘मोडलाय की, सर. हे बघा ना.’

ती वही घेऊन पुढं यायला निघाली. अप्पांनी बघितलं असतं तर हे प्रकरण इथंच संपलं असतं आणि मी दुसऱ्या कशावर तरी लिहीत बसलो असतो. पण त्या आधी मी तोंड उघडलं. मला विनोद सुचला होता. मला विनोद सुचणं ही आमच्या घराण्यावरची जुनी पीडा आहे. मी म्हणालो, ‘सर, शिंप्याची पोरगी ती. एक तुकडा मारला असेल!’

वर्ग फुटला. बाकं वाजवून पोरं हसली. अप्पांना खरं तर मला ठोकायला हवं होतं. ते मिशीत हसले. ‘बस खाली,’ ते शांताला म्हणाले, ‘घरी जाऊन शोध, मशिनखाली सापडेल.’ ती वही छातीशी धरून तिथंच उभी होती. रडली नाही. माझ्याकडं बघत होती, आणि मी तिच्याकडं बघून दात दाखवत होतो. बत्तीस.

ते हसू मला आजही आरशात कधीतरी दिसतं, आणि दाढीचं पाणी आरशावर फेकावंसं वाटतं.

रविवारी सकाळी अप्पा पिशवी घेऊन बाजारात गेले. मी घरी. मनात काही पाप नव्हतं, उलट शांताला सोमवारी बत्तीस तुकडे दाखवून आणखी एकदा तिचं हसं करायचं होतं. कंपासनं वर्तुळाचे सहा अगदी सारखे भाग करायची माझी हातोटी होती, तसे केले, रेघा ओढल्या, मोजलं. तीस. मी खूश. बघा, हिला तर मोजताच येत नाही! मग लक्षात आलं की मलाही येत नाही, कारण बत्तीस कुठायत? बराच वेळ डोकं खाजवल्यावर दिसलं, की ठिपके फार सारखे पडल्यामुळं मधल्या तीन रेघा एकाच बिंदूतून जाताहेत. एक ठिपका जरा सरकवला. मध्ये एक इवलासा त्रिकोण उघडला. एकतीस.

कागद लहान पडतोय असं स्वतःला सांगून मी स्वयंपाकघरात गेलो आणि फरशीवर खडूनं परातीएवढं वर्तुळ काढलं. आई चुलीपाशी होती. ‘काय चाललंय रे? लादी आत्ता पुसलीय.’ ‘अभ्यास,’ म्हणालो, आणि निवडलेल्या तुरीच्या डाळीतली मूठभर घेतली. एका तुकड्यात एक दाणा. सगळे तुकडे भरले. मग दाणे मोजले. एकतीस. ठिपके हलवून पुन्हा आकृती काढली, पुन्हा दाणे मांडले. एकतीस. बत्तिसावा दाणा माझ्या हातात होता आणि त्याला ठेवायला जगात कुठं जागा नव्हती.

अप्पा कधी दारात येऊन उभे राहिले ते कळलं नाही. हातात पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर. ते वाकले. बोट न लावता, ओठांनी मोजलं. मी बघत होतो, ओठ कुठं थांबतात. थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग सरळ झाले.

‘इतकी वर्षं मी हे शिकवतोय,’ ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, मेथीशी.

‘अप्पा, म्हणजे शांता…’

‘अपवाद असतो एखादा. अपवादानं नियम सिद्ध होतो.’

हे वाक्य! हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला दुर्गदबैलाच्या चौकात भर दुपारी उभा करून विचारलं पाहिजे, कसा सिद्ध होतो ते दाखव. गणितात अपवादानं नियम सिद्ध होत नाही, मरतो. जागेवर मरतो. पाच वेळा काय, पाच लाख वेळा चाललेला नियम एका दाण्यानं मरतो, आणि मेलेल्याला उचलून बाहेर न्यायचं असतं, घरात ठेवून त्याला पगडी घालायची नसते. हे मी पुढं शेकडो पोरांना शिकवलं. त्या दिवशी मी म्हणालो, ‘हो अप्पा.’

‘उचल ते. आईला डाळ शिजवायचीय.’

दाणे गोळा करायला मी वाकलो, तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली, ‘सर, आहात काय?’ अप्पा बाहेर गेले. आई म्हणाली, ‘राहू दे, मी उचलते,’ आणि एकेक दाणा वेचून वाटीत टाकायला लागली. मी अप्पांच्या मागोमाग गेलो.

परसूअण्णा चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशी उभे. नारळ, केळी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझ्यासाठी शिवलेला शर्ट, फिका निळा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

‘सर, पोरगी कालपासनं जेवली नाही. म्हणते एकतीसच. मला अडाण्याला काय कळतंय? ही वही बघा की तेवढी.’ त्यांनी ती दोन पानं उघडून पुढं केली. अप्पांनी वही घेतली. बघितली. मी त्यांचा चेहरा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, सांगा, सांगून टाका. मी स्वतः का नाही सांगितलं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

‘परसूअण्णा, मुलगी कष्टाळू आहे,’ अप्पा म्हणाले. ‘पण सायन्सला नजर लागते. हिला नजर नाही. ही नुसतं मोजते.’

परसूअण्णांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळले. ‘विनू, तू तिच्याबरोबरचा. तू सांग बाळ. किती होतात रे?’

अप्पा केळ्यांकडं बघत होते. त्यांनी मला डोळ्यांनी काही खुणावलं नाही, धाक घातला नाही, खोकले नाहीत. मी फार वर्षं स्वतःला सांगत आलोय की बापाच्या भीतीनं बोललो. खोटं. माझ्यासमोर निळा शर्ट होता, पहिला नंबर होता, आणि शनिवारचा माझा विनोद होता. एकतीस म्हटलं असतं तर तो विनोद माझ्याच अंगावर आला असता.

‘बत्तीस,’ मी म्हणालो.

‘हौद्री,’ परसूअण्णा म्हणाले. हो जी, असंच असणार, अशा सुरात. वही मिटून काखेत धरली आणि शर्टाचं पुडकं मात्र माझ्या हातात नीट दोन्ही हातांनी दिलं. ‘बाहीला जरा सैल ठेवलंय, वाढतं अंग हाय.’

दुपारी आमटी-भात झाला. पुरावा आम्ही तूप घालून खाल्ला. अप्पांनी दोनदा आमटी घेतली, म्हणून मीही घेतली. आईनं ताकभात घेतला. पित्त झालंय म्हणाली. समोर दुसरं मशीन बराच वेळ बंद होतं. मग सुरू झालं. त्याचा ठेका वेगळा पडत होता, नवशिक्या पायाचा, अडखळत. तो आवाज मग मी रोज ऐकला. महिनाभरात तो अडखळायचा थांबला.

निळा शर्ट पीयूसीच्या पहिल्या दिवशी घातला. इतका सुरेख बसला होता की मला वर्गात कुणीतरी विचारलं, कुठला टेलर?

पुढं मी गणिताचा प्राध्यापक झालो, हे आलंच. आणि दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला सहा ठिपके घालत गेलो. चार, आठ, सोळा, पुढं काय? सगळे बत्तीस म्हणून ओरडत. मग मी एकतीस दाखवायचो, आणि गोष्ट सांगायचो, की शाळेत असताना एका मुलानं स्वयंपाकघरात डाळ मांडून मास्तरांचा नियम मोडला. ‘कोण मुलगा, सर?’ मी नुसता हसायचो. टाळ्या पडायच्या. वर्षानुवर्षं टाळ्या. तुकडा कुणी मारला ते आता तुम्हीच ठरवा.

अप्पा जाऊन फार वर्षं झाली. गेल्या साली आई गेली. तिच्या जुन्या साड्या बायकोनं बाहेर काढल्या, म्हणाली यांची कौदी शिवून घेऊ. आमच्याकडं जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी करतात ती कौदी. कमरीपेठेत चांगली कोण शिवतं म्हणून चौकशी केली, तर प्रत्येक जण एकच नाव सांगायचा. मी गाठोडं घेऊन गेलो. तेच परसूअण्णांचं दुकान, लग्नानंतरही शांताच चालवत असलेलं. मशीन आता विजेवरचं. चष्म्यावरून तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलंसुद्धा नाही कोण म्हणून.

‘गुरुबाईंच्या साड्या ना?’ ती म्हणाली. मास्तरांची बायको म्हणून आईला सगळा बोळ गुरुबाई म्हणायचा. ‘ही हिरवी मी ओळखते. हिच्यावरचा ब्लाऊज मी शिवला होता.’

मी बसलो. म्हातारपणी माणसाला खाज सुटते, सगळं मिटवून टाकावं अशी. म्हणालो, ‘शांताक्का, ते शाळेतलं… तेव्हा मी लहान होतो. मला खरंच माहीत नव्हतं.’

तिनं साडी उलगडून पन्हा मोजला. मग म्हणाली, ‘माझा भाचा तुमच्या कॉलेजात होता. घरी येऊन सांगत होता, आमच्या सरांनी लहानपणी डाळ मांडून एकतीस काढले.’

पंखा फिरत होता. माझ्या खोट्याला माझ्याच बढाईनं खोडलं होतं.

‘सात ठिपक्यांचे सत्तावन्न होतात,’ ती म्हणाली. ‘आठाचे नव्याण्णव. नवाचे मोजायला घेतले होते, तेवढ्यात लग्न झालं.’

‘बरोबर आहेत,’ मी म्हणालो.

‘मी विचारलं काय तुम्हाला?’ तिचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘मला तेव्हापण माहीत होतं बरोबर आहेत ते. त्याच दिवशी उन्हाची तुमची आई आली होती मागल्या दारानं. म्हणाली, पोरी, एकतीसच आहेत, मी दाणे वेचताना मोजले. मी विचारलं, जेवलात काय? म्हणाली, ताकभात खाल्ला, ती आमटी घशाखाली जाईना.’

आईला पित्ताचा त्रास कधीच नव्हता. आयुष्यभर कधी नव्हता. फक्त त्या एका दुपारी. आणि पुढं जन्मभर अपवाद शोधण्याचा पगार घेणाऱ्या मला तो ताटासमोर बसून दिसला नव्हता.

माझे डोळे भरलेले तिनं बघितले आणि ती भडकली. ‘आता आईचं कौतुक करत बसू नका. मला येऊन सांगितलं, त्याचा काय उपयोग? मला माहीतच होतं की! आमचे अण्णा तुमच्या पुढच्या खोलीत उभे होते. आत डाळ वेचत होती ना ती? चार पावलं बाहेर यायचं होतं. मला मागल्या दारानं खरं सांगितलं आणि म्हणाली, घरात कुणाला बोलू नको. नाही बोलले. ब्लाऊज शिवत राहिले तिचे.’ तिनं कात्री उचलली. ‘आठ दिवसांनी या.’

आठ दिवसांनी गेलो. कौदी तयार होती. हिरवी, तपकिरी, आईची ती जांभळी, सगळ्या साड्या एकमेकींत बसवलेल्या, टाके मुंगीसारखे. ती दुकानात नव्हती. सुनेनं कौदी दिली आणि वर एक कापडी पिशवी ठेवली. ‘अत्तींनी सांगितलंय, हे पण द्या म्हणून.’ अत्ती म्हणजे सासूबाई.

घरी येऊन पिशवी पलंगावर उपडी केली. उरलेले तुकडे होते. हातभर, वीतभर, बोटभर, नखाएवढेसुद्धा, जे कुठलाही शिंपी झाडून टाकतो. ‘हे कशाला आणलंत?’ बायको म्हणाली आणि झाडू घ्यायला गेली. मी तिला थांबवलं. प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घातलेला होता, आणि मी ते ओळीनं लावून बघितले. एकही मारलेला नव्हता.